शून्य म्हणजे ठीक

बाबांचा डेस्कटॉप जुना. त्यावर विंडोज रांगायला लागलं तेव्हा मीच लिनक्स टाकून दिलं होतं आणि मागे नखाएवढं यूएसबी वायफाय खोचलं होतं. राउटर खालच्या पुढच्या खोलीत, संगणक माडीवर, मध्ये जुन्या घराची जाड भिंत. दिवसातून दोन-तीनदा नेट जायचं. "ती तुझी टिकली काढून परत लावली की येतंय," असं बाबा फोनवर सांगायचे, आणि मला दर वेळी वाटायचं की आपण सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो ते कशासाठी.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये घरून काम चालू होतं, म्हणून दिवाळीच्या बऱ्याच आधी माहेरी कोल्हापूरला आले आणि त्या टिकलीच्या ड्रायव्हरचा, म्हणजे तिला चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, कोड उघडून बसले. नेट का जातं ते पाहायचं आणि जमलं तर दुरुस्त करायचं, असा माझा इरादा होता. तो बेत पहिल्या आठवड्यातच बारगळला. नेट जायला ड्रायव्हर नाही, भिंत कारणीभूत होती. दीड मीटरची यूएसबी केबल लावून टिकली खिडकीत टांगली आणि प्रश्न मिटला. पण तोवर मी ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये शिरले होते आणि बाहेर यायची इच्छा राहिली नव्हती.

हा ड्रायव्हर, आर८१८८ईयू, कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, 'स्टेजिंग' नावाच्या भागात होता. स्टेजिंग म्हणजे लिनक्सच्या वाड्याची पडवी. कोड चालतो, पण घरच्या रीतीभातींत अजून बसलेला नाही, त्याला माजघरात घेण्याआधी इथे बसवतात. ही पडवी २००८ पासूनची. प्रत्येक ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये काय काय राहिलंय त्याची एक टूडू फाइल असते, आणि नवख्यांनी हात साफ करायचा तो इथेच, असा रिवाज आहे.

रीतीभाती कुठल्या, तर कर्नलच्या दस्तऐवजांत कोडिंग स्टाइलची एक लांबलचक फाइल आहे. लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्सची भाषा तिच्यात अजून जशीच्या तशी आहे. सुरुवातीलाच सल्ला येतो की जीएनयू या दुसऱ्या प्रकल्पाचे कोडिंगचे नियम छापून घ्या, वाचू नका, आणि जाळून टाका. मी हे आईला वाचून दाखवलं. ती अनारसे की शंकरपाळ्या या विचारात होती. म्हणाली, "दिवाळीत होळी कशाला?"

मग खरे नियम. ओळ आत सरकवणारा टॅब आठ अक्षरांचा. चारचा नाही, दोनचा तर नाहीच. वीस तास सलग स्क्रीनकडे बघून डोळे शिणले तरी कुठला भाग कशाच्या पोटात आहे ते लांबून दिसलं पाहिजे, हे कारण. आठ-आठने सरकत गेलं की तीन पायऱ्यांनंतर कोड उजव्या भिंतीला टेकतो, अशी तक्रार केलीत तर फाइलचं उत्तर तयार आहे: तीनपेक्षा जास्त पायऱ्या लागत असतील तर दोष टॅबचा नाही, तुमच्या प्रोग्रॅमचा आहे. महिरपी कंस ओळीच्या शेवटी उघडायचा, फंक्शनचा, म्हणजे नाव दिलेल्या कोडच्या तुकड्याचा, मात्र नव्या ओळीवर. स्ट्रक्टला, म्हणजे माहितीच्या एकत्र बांधलेल्या गठ्ठ्याला, टायपडेफची टोपणनावं द्यायची नाहीत. आणि गोटू, म्हणजे कोडमधली थेट उडी, चालतं! कॉलेजात आमच्या सरांनी गोटूला सरळ गुण कापले होते. इथे फंक्शनमधून बाहेर पडताना घेतलेली मेमरी उलट्या क्रमाने परत करायची असेल, तर गोटू हीच सभ्य पद्धत मानतात.

हे सगळं तपासायला चेकपॅच नावाची एक पर्लमधली स्क्रिप्ट आहे. ती मी एका फाइलवर चालवली आणि इशाऱ्यांनी टर्मिनल वाहू लागलं. इथे स्पेस नको, तिथे हवी. एका ओळीच्या इफला कंस कशाला. नावात मधेच मोठी अक्षरं. मी खूश. दोन संध्याकाळी बसून चौदा प्रकारच्या चुका काढल्या, एक भलामोठा पॅच, म्हणजे बदलांची यादी, बनवला, विषय लिहिला 'फिक्स्ड कोडिंग स्टाइल इश्यूज', आणि ब्राउझरमधल्या मेलमध्ये चिकटवून पाठवला.

कर्नलचे पॅच अजूनही ईमेलनेच जातात. बटण दाबून पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशी विनंती, टाकायची सवय असलेल्या माणसाला हे पोस्टकार्डासारखं वाटतं. मेल साधा मजकूर हवा, एचटीएमएल असला तर सर्व्हर दारातूनच परत पाठवतो. माझा पहिला असाच परत आला. दुसऱ्यांदा साधा मजकूर करून पाठवला, तर मेलने माझे सगळे टॅब गिळून त्यांच्या जागी स्पेस घातले आणि लांब ओळी मोडल्या. म्हणजे टॅबची शिस्त लावायला निघालेला पॅच बिनटॅबचा पोचला. कुणाच्याच झाडावर, म्हणजे कोडच्या प्रतीवर, तो लागला नसता. हे मला कुणी सांगायच्या आत मीच तो परत स्वतःकडे मागवून पाहिला आणि कानकोंडी होऊन बसले. त्यासाठी कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटचं सेंड-ईमेल वापरायचं असतं, हे त्याच दस्तऐवजांत लिहिलेलं होतं, फक्त मी न वाचलेल्या पानावर.

सेंड-ईमेल बसवलं, तर चेकपॅचने एक वेगळाच इशारा दिला: पाठवणाऱ्याचं नाव आणि सही करणाऱ्याचं नाव जुळत नाही.

हा विषय जरा सविस्तर सांगते, कारण इथे मी स्टाइलपेक्षा जास्त वेळ घालवला. कर्नलच्या प्रत्येक पॅचखाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी ओळ लागते, पुढे नाव आणि ईमेल. ही शोभेची सही नव्हे. एससीओ नावाच्या कंपनीने २००३ मध्ये आयबीएमवर दावा लावला, लिनक्समध्ये आमचा कोड घुसवलाय म्हणून. त्यानंतर २००४ मध्ये ही पद्धत आली. सही करणारा सांगतो की हा कोड मी लिहिलाय किंवा तो द्यायचा मला हक्क आहे, आणि हे कायम नोंदीत राहील हे मला माहीत आहे. त्या वेळी नियमात स्पष्ट होतं: खरं नाव लिहा, टोपणनाव नको.

आता माझं खरं नाव कुठलं? गिटच्या सेटिंगमध्ये कॉलेजपासूनचं माहेरचं नाव. ईमेलचं खातं लग्नानंतर उघडलेलं, त्यावर सासरचं आडनाव. पदवीवर एक, आधारवर दुसरं, पॅनवर पहिलंच, आणि पगाराच्या चिठ्ठीवर मधल्या नावात वडील की नवरा यावर अजून एकमत नाही. चेकपॅचला यातलं काही कळायचं कारण नाही. त्याला दोन ओळी सारख्या दिसायला हव्यात. मी आईला विचारलं, ती म्हणाली, "ज्या नावानं शाळेत पहिली आलीस ते घाल." ते घातलं. २०२३ मध्ये कर्नलवाल्यांनी हा नियम थोडा सैल केला. 'खरं नाव' जाऊन 'ओळखीचं नाव' असं आलं, फक्त निनावी नको. अडचण माझ्या एकटीची नसावी.

आणि 'द्यायचा मला हक्क आहे' या वाक्याखाली सही करायची तर नोकरीचा करार आठवतो. नोकरीत असताना लिहिलेलं सगळं कंपनीचं, असं त्यात होतं. एचआरला मेल टाकला. उत्तरात आधी 'कर्नल म्हणजे काय' असं विचारलं, मग परवानगी मिळाली. मधले दिवस पॅच तसाच पडून.

अखेर चौदा चुकांचा तो पॅच नीट रूपात गेला. उत्तर काही तासांत आलं, तेही बॉटकडून. मेंटेनरने, म्हणजे तो भाग सांभाळणाऱ्याने, नवख्यांच्या नेहमीच्या चुकांसाठी बॉट, म्हणजे आपोआप उत्तर देणारा प्रोग्रॅम, ठेवलेला असतो. त्याचं म्हणणं एवढंच की एका पॅचमध्ये खूप वेगवेगळ्या गोष्टी केल्या आहेत, तपासणं कठीण, एका पॅचने एकच काम करावं. राग आला. सगळ्या स्पेस आणि कंसच तर होते, त्यात कठीण काय? पण मग मी स्वतःच माझा पॅच वरून खाली वाचत गेले. सहाशे ओळींचे अधिक-उणे, आणि त्यात एका ठिकाणी मी कंस काढता काढता अट उलटी केली होती. मला ती तिसऱ्या वाचनाला दिसली.

म्हणून पाच पॅचची मालिका केली. एकात नुसते अनावश्यक कंस काढले, एकात नुसती नावं बदलली, अशी. सोबत शून्य क्रमांकाचं आवरणपत्र. विषयाच्या आधी कुठल्या घरातला पॅच ते लिहायचं: स्टेजिंग, मग विसर्गचिन्ह, मग ड्रायव्हरचं नाव. आणि क्रियापद आज्ञार्थी. ऑफिसात आम्ही सगळे भूतकाळ लिहायचो: हे केलं, ते काढलं. इथे 'काढ', 'बदल', 'लहान कर'. जणू तुम्ही कोडला हुकूम देताय की बाबा रे, असा वाग. शाळेत आज्ञार्थ शिकवताना बाईंनी 'तू जा, तुम्ही जा' घोकून घेतलं होतं, त्याचा उपयोग इथे होईल असं बाईंना स्वप्नातही वाटलं नसेल.

ही मालिका ३० ऑक्टोबरला, शनिवारी पाठवली. आणि मग काहीच नाही.

वसुबारस गेली, लक्ष्मीपूजन झालं, पाडवा, भाऊबीज. मी दर तासाला फोन उघडून बघत होते. चकल्या तळता तळता आईने विचारलंच, "कुणाच्या मेलची वाट बघतीयस?" काय सांगणार? जगाच्या पाठीवर कुठल्यातरी माणसाला माझ्या स्पेस आवडल्या का, याची! मनात पक्कं झालं की पहिल्या आगाऊपणामुळे त्यांनी माझ्या नावावर काट मारली.

मग कळलं. मी पाठवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३१ ऑक्टोबरला, ५.१५ ही आवृत्ती बाहेर पडली होती. नवी आवृत्ती आली की दोन आठवडे मर्ज विंडो असते. आधीच तयार झालेलं सगळं लिनसकडे चढतं आणि तोवर मेंटेनर नवीन पॅचला सहसा हात लावत नाहीत. ती खिडकी १४ नोव्हेंबरला बंद झाली. म्हणजे नेमकी माझी आख्खी दिवाळी. नऊ-दहा आठवड्यांनी हे चक्र फिरतं हे कुणीही सांगितलं असतं, पण मी विचारलंच नव्हतं. नशीब, रोज आठवणीचे मेल पाठवले नाहीत. तसं केलेलं कुणाला आवडत नाही.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पॅच तपासणाऱ्या एका तपासनिसाकडून उत्तरं आली. तीन पॅच ठीक. एकावर टीप: लांब ओळ मोडलीस ती आधीच बरी होती. मी ऐंशी अक्षरांची मर्यादा पाळायला एक अट तीन ओळींत तोडली होती आणि ती वाचताना जिभेला गाठ पडत होती. पंचकार्डाच्या ऐंशी रकान्यांपासून चालत आलेली ही मर्यादा. चेकपॅच २०२० पासून शंभरापर्यंत गप्प बसतं, फाइल मात्र अजून ऐंशीच बरी म्हणते, पण तोडल्याने वाचणं अवघड होत असेल तर तोडू नका असंही म्हणते. आणि लॉगमध्ये छापायचं वाक्य तर कधीच तोडायचं नाही, कारण उद्या कुणीतरी ते वाक्य स्क्रीनवर पाहून ग्रेपने शोधणार आणि अर्धंच वाक्य शोधून हाती काही लागणार नाही. हे कारण मला फार आवडलं. तो माणूस कोण, कधी येणार, कुणाला ठाऊक नाही, पण त्याची सोय करून ठेवायची.

पाचव्या पॅचवर मात्र एकच प्रश्न होता: का?

मी संदेशात लिहिलं होतं की चेकपॅच इशारा देतं म्हणून. त्यावर त्या तपासनिसाने दोन ओळींत उत्तर दिलं की स्क्रिप्ट सांगते हे कारण नाही, हा बदल कर्नलला का हवा ते लिही. आणि जाता जाता सुचवलं की याच फंक्शनमध्ये काही करायचंच असेल तर त्याचं परत येणारं मूल्य बघ.

ते मूल्य मी बघितलं आणि मला खरा नियम सापडला. या ड्रायव्हरमध्ये यश म्हणजे एक आणि अपयश म्हणजे शून्य असं होतं. उरलेल्या कर्नलमध्ये उलट: शून्य म्हणजे ठीक, आणि बिघडलं तर उणे आकडा, जो काय बिघडलं तेही सांगतो. मेमरी मिळाली नाही, उपकरण व्यस्त आहे, वगैरे. स्टाइलच्या फाइलमध्ये यावर एक अख्खं प्रकरण आहे आणि ते चक्क व्याकरणाचं आहे. फंक्शनचं नाव आज्ञा असेल तर शून्य किंवा, चूक झाली तर, ती सांगणारा उणे आकडा परत द्या. नाव प्रश्नार्थक असेल तर हो किंवा नाही परत द्या. मराठीत सांगायचं तर 'दार लाव' म्हटल्यावर माणूस गप्प राहिला तर दार लागलं. अडचण आली तरच तो बोलेल, 'कडी तुटलीय' म्हणून. 'दार लागलंय का?' म्हटल्यावर मात्र 'हो' हेच यश. दोन्हींची सरमिसळ केली तर गप्प राहणाऱ्याने दार लावलं की नाही तेच कळायचं नाही. आणि या घोळातून सापडायला कठीण असे बग निघतात, असं फाइल बजावते.

मी तो बग स्वतःच करून दाखवला.

तिसऱ्या आवृत्तीत मी ते फंक्शन बदललं. संदेश छान लिहिला, 'का' सकट. फंक्शनला दोन ठिकाणांहून हाक मारली जात होती. पहिल्या ठिकाणी निकाल तिथल्या तिथे तपासला होता, तो मी उलटवला. दुसऱ्या ठिकाणी निकाल एका व्हेरिएबलमध्ये ठेवून दहा-बारा ओळी खाली तपासला होता. ते सुटलं. कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर एक शब्द बोलला नाही, त्याच्या लेखी दोन्ही आकडेच. चेकपॅचनेही शून्य चुका, शून्य इशारे असं प्रमाणपत्र दिलं. म्हणजे स्टाइल निर्दोष आणि ड्रायव्हर ठार.

तपासनिसाने ती ओळ उतरवून खाली लिहिलं की इथे आता यश आलं की चूक समजली जाईल. आणि मग: उपकरणावर चालवून पाहिलंस का?

पाहिलं नव्हतं. उपकरण माझ्यापासून एक जिना वर, खिडकीत केबलला टांगलेलं होतं. मी फक्त कंपाइल केलं होतं, आणि तेवढंच केलं असेल तर तसं संदेशात कबूल करायची पद्धत आहे, तेही मी केलं नव्हतं. त्या संध्याकाळी बाबांच्या संगणकावर माझा बदललेला ड्रायव्हर चढवला. टिकलीचा दिवा लागलाच नाही. बाबा मागे उभे. "काय झालं?" "काही नाही, मी बिघडवलंय." "बरं," म्हणून ते पेपर घेऊन खाली गेले. दुसरी जागा दुरुस्त केली, परत चढवला, दिवा लुकलुकला.

चौथ्या आवृत्तीत तीन आडव्या रेघांखाली काय बदललं त्याची यादी दिली. त्या रेघांखालचं इतिहासात जात नाही, तपासणाऱ्यापुरतंच असतं. आणि तपासनिसाला उत्तर लिहिताना त्याचं वाक्य वर ठेवून माझं खाली लिहायला तोवर शिकले होते. ऑफिसातल्यासारखं सगळ्यांच्या डोक्यावर आपलं उत्तर टाकायचं नसतं. त्याच्या 'रिव्ह्यूड-बाय'ची, म्हणजे 'मी तपासलं' अशी, ओळ आली. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बॉटकडूनच, पण या वेळी वेगळा मेल: पॅच स्टेजिंगच्या झाडात घेतला आहे. अभिनंदन वगैरे नाही. शून्य म्हणजे ठीक.

२० मार्च २०२२ ला ५.१७ आलं, त्यात माझे पाच कमिट, म्हणजे नोंदलेले बदल, होते. नवऱ्याला फोनवर दाखवले. त्याने विचारलं, "यानं काय सुधारलं?" मी म्हटलं, "वाचायला सोपं झालं." तो म्हणाला, "कुणाला?" याचं उत्तर त्याला अजून दिलेलं नाही.

पुढे २०२३ मध्ये तो ड्रायव्हर स्टेजिंगमधून काढूनच टाकला. त्याच चिपला चालवणारा दुसरा, नीट बांधलेला ड्रायव्हर मुख्य वायफाय विभागात होता, तो ही चिप सांभाळू लागला, मग पडवीतला ठेवायचं कारण उरलं नाही. काढून टाकणारा पॅच मी शेवटपर्यंत वाचला. नुसत्या उणे चिन्हांच्या ओळी, पानंच्या पानं. त्यात मी वाचवलेली लांब ओळ होती, मी काढलेल्या कंसांच्या रिकाम्या जागा होत्या, आणि ते फंक्शन, दोन्ही हाका मारणाऱ्यांसकट.

त्यानंतरच्या गणपतीत कोल्हापूरला गेले तेव्हा बाबांच्या संगणकावर नवी आवृत्ती चढवली. टिकली तीच, खिडकीत तशीच टांगलेली. दोन दिवसांनी जेवताना विचारलं, "बाबा, नेट नीट चालतंय ना?"

"चालतंय की," ते म्हणाले. "का गं, परत काय केलंस?"